शून्य सिद्ध करावे लागते

बोर्डातला मेन स्विच बंद केला, मल्टिमीटरचा नॉब फिरवला, दोन प्रोब फेज आणि न्यूट्रलच्या स्क्रूंना टेकवले आणि डिस्प्लेवर शून्य उमटले. आता तारेला हात लावायला हरकत नाही, असा अर्थ बहुतेक माणसे लगेच काढतात. पण या शून्याची कारणे निदान सहा असू शकतात. पहिले, तारेत खरोखरच वीज नाही. दुसरे, नॉब एसीऐवजी डीसी व्होल्टवर राहिला आहे. समोर २३० व्होल्टचा एसी पुरवठा असला तरी डीसीच्या पल्ल्यावर मीटर शून्याच्या आसपासच घुटमळते, कारण सेकंदाला ५० आवर्तने करणाऱ्या व्होल्टेजची सरासरी शून्यच येते. तिसरे, लीडच्या आतली तांब्याची तार पिनच्या गळ्याशी तुटली आहे आणि वरचे आवरण मात्र शाबूत आहे. चौथे, प्रोबचे टोक धातूला न टेकता रंगाच्या किंवा गंजाच्या थरावर टेकले आहे. पाचवे, ‘होल्ड’चे बटण चुकून दाबले गेले असून मीटर मघाचाच आकडा धरून बसले आहे. सहावे कारण सर्वांत वाईट. स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला आहे. अशा वेळी चालू राहिलेल्या एखाद्या पंख्याच्या गुंडाळीतून फेज थेट न्यूट्रलच्या तारेवर येतो. दोन्ही तारा जमिनीच्या मानाने २३० व्होल्टवर असतात आणि त्या दोघींमधला फरक असतो शून्य. मीटर इथे खोटे बोलत नाही. आपण विचारलेला प्रश्नच अपुरा असतो.

या सहांपैकी एकाच शून्यात माणूस सुरक्षित असतो आणि बाकीची पाच डिस्प्लेवर हुबेहूब तशीच दिसतात. म्हणून मल्टिमीटर हाताळण्याच्या साऱ्या शिस्तीचे मूळ एका वाक्यात सांगता येते: शून्य दिसणे वेगळे आणि शून्य सिद्ध होणे वेगळे. सुरक्षितता हा वायरमनचा विषय आणि अचूकता हा प्रयोगशाळेचा, अशी वाटणी आपल्याकडे रूढ आहे. ही वाटणीच चुकीची आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. मीटरचा आकडा किती विश्वासाचा, हे ज्याला ठरवता येते त्याचाच हात सुरक्षित राहतो. आणि ज्या सवयींमुळे हात सुरक्षित राहतो, त्याच सवयींमुळे आकडा अचूक मिळतो. हा आग्रह धरण्याजोगी परिस्थिती आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या काळात देशात दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसे विजेच्या धक्क्याने मरण पावतात. यांतले बहुतेक मृत्यू मोजमापाच्या चुकीने होत नाहीत, हे मान्यच आहे. पण जिवंत तार मृत समजून हात घालणे हे धक्क्याचे जुने कारण आहे, आणि ते टाळण्यासाठीच तर हे यंत्र हातात घेतले जाते. ओल्या हातांनी शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. गळती ओळखणारी घरातली आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला पुरवठा तोडेल अशी बनवतात, यावरून किती प्रवाह जिवावर बेततो याचा अंदाज यावा.

शून्य सिद्ध करण्याची रीत साधी आहे आणि तिला खर्च नाही. प्रथम मीटर एखाद्या चालू असल्याची खात्री असलेल्या ठिकाणी, म्हणजे शेजारच्या चालू सॉकेटवर, लावून २३०च्या जवळचा आकडा येतो का ते पाहायचे. मग कामाच्या ठिकाणी मोजायचे. त्यानंतर मीटर पुन्हा त्याच चालू सॉकेटवर लावायचे. शेवटची पायरी सर्वाधिक वगळली जाते आणि तीच सर्वांत मोलाची आहे, कारण पहिल्या तपासणीनंतर आणि मधल्या मोजणीआधी लीड तुटली असेल तर ते तिसऱ्या मोजणीतच कळते. अमेरिकेच्या ‘एनएफपीए ७०ई’ या मानकात व्होल्टेज नसल्याची खात्री करताना प्रत्येक तपासणीच्या आधी आणि नंतर मीटरची अशी परीक्षा घेणे बंधनकारक आहे. मधली मोजणीही एकच नसते. सिंगल फेजमध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तीन जोड्या पाहाव्या लागतात, आणि वर सांगितलेले सहावे शून्य त्यांतल्या दुसऱ्या-तिसऱ्या जोडीतच पकडले जाते. थ्री फेजमध्ये तीन फेज, न्यूट्रल आणि अर्थ मिळून दहा जोड्या होतात. भाजीबाजारात गिऱ्हाईक वांगी पारड्यात पडण्याआधी काटा शून्यावर आहे का ते पाहते, आणि तो तराजू वैधमापन खात्याकडून ठरावीक मुदतीने तपासून त्यावर शिक्काही मारून घ्यावा लागतो. पावशेर कांद्यासाठी आपण जो पुरावा मागतो, तो जिवासाठी मागत नाही, ही विसंगती दूर व्हायला हवी.

सिद्ध झालेले शून्यही त्या क्षणापुरते असते. ग्रामीण महाराष्ट्रात शेतीपंपांचा थ्री फेज पुरवठा पाळीने येतो, आणि रात्री-अपरात्री विहिरीवर जावे लागू नये म्हणून अनेक स्टार्टरांना ‘ऑटो’ जोडलेला असतो. लाइन आली की पंप आपोआप सुरू होतो. लाइन गेलेली असताना स्टार्टर उघडून घेतलेले शून्य खरे असते, पण त्याचे आयुष्य डीपीवरून पुरवठा सुरू होईपर्यंतच. म्हणून मोजण्याआधी मेन स्विच खाली ओढणे, किटकॅट फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवणे किंवा स्विचला कुलूप घालणे हा मोजमापाचाच भाग आहे. घरातला इन्व्हर्टर, सोसायटीचा जनरेटर आणि आता छतावरचे सौर पॅनेल यांमुळे मेन स्विच बंद म्हणजे वीज बंद, हे जुने समीकरण राहिलेले नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांचे आहे. उन्हात असलेल्या पॅनेलला बंद करायचा स्विच नसतो. आजच्या मोठ्या पॅनेलचे मोकळे व्होल्टेज ५०च्या आसपास असते. अशी दहा एका रांगेत जोडली की पाचशेच्या घरातला डीसी तयार होतो. इथे एसीवर ठेवलेले मीटर शून्य दाखवू शकेल आणि ते शून्य निरर्थक असेल. एसीची ठिणगी सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते, त्यामुळे तिला विझायची संधी मिळते. डीसीच्या ठिणगीला ती मिळत नाही, म्हणून ती लांब ओढली जाते आणि जाळत राहते. सौरपंपाच्या कंट्रोलरमधले कपॅसिटर तर पुरवठा तोडल्यावरही काही काळ भरलेले असतात. तिथे एसी आणि डीसी दोन्ही पल्ल्यांवर शून्य आल्याशिवाय ते शून्य पूर्ण होत नाही.

दुसरा मोठा धोका मीटर सर्किटचा भाग बनते यातून येतो. १९२३मध्ये ब्रिटिश पोस्ट खात्यातले अभियंता डोनाल्ड मॅकडी यांनी अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजणारी तीन वेगळी यंत्रे बाळगण्याचा त्रास संपवण्यासाठी एकच यंत्र बनवले. ‘एव्हो’ हे त्याचे नाव त्या तीन एककांच्या आद्याक्षरांवरून पडले. तेव्हापासून या यंत्राचा गुण आणि त्याचे संकट एकाच जागी आहे. व्होल्ट मोजताना चांगले डिजिटल मीटर दोन प्रोबांमध्ये सुमारे एक कोटी ओहमचा अडसर घालते आणि सर्किटमधून जवळजवळ काहीच घेत नाही. अँपिअर मोजताना मात्र तेच मीटर दोन प्रोबांमध्ये ओहमच्या शंभराव्या भागाइतक्या रोधाची पट्टी ठेवते, कारण सगळा प्रवाह त्यातून जायचा असतो. लाल लीड अँपिअरच्या जॅकमध्ये विसरली आणि प्रोब सॉकेटमध्ये घातले, तर फेज-न्यूट्रलचे थेट शॉर्टसर्किट होते. नॉब व्होल्टवर आहे की नाही याने त्यात काही फरक पडत नाही. त्या क्षणी वाहणारा प्रवाह शेकडो अँपिअरचा, ट्रान्सफॉर्मरच्या जवळ असल्यास हजारोंचा असू शकतो. तो तोडायचे काम मीटरमधल्या फ्यूजचे. काचेच्या छोट्या फ्यूजची तोडण्याची क्षमता मानकानुसार ३५ अँपिअर किंवा त्याच्या क्षमतेच्या दहापट, यांत जे जास्त असेल तेवढी, म्हणजे १० अँपिअरच्या फ्यूजला १०० अँपिअर. त्यापुढे काच फुटते आणि आतली ठिणगी तशीच पेटलेली राहते. चांगल्या मीटरमधला वाळूने भरलेला सिरॅमिक फ्यूज १००० व्होल्टला दहा-वीस हजार अँपिअर तोडू शकतो. अनेक स्वस्त मीटरांच्या १० अँपिअरच्या जॅकशेजारी ‘फ्यूज नाही’ असे स्पष्ट छापलेले असते; ते वाचायची तसदी कोणी घेत नाही.

फ्यूज हा केवळ अँपिअरच्या वाटेवरचा पहारेकरी आहे. व्होल्ट मोजतानाच्या संकटासाठी मीटरवर ‘कॅट’चे शिक्के असतात. विजांचा कडकडाट, मोठ्या मोटरींची सुरुवात आणि बंद होणे, कपॅसिटर बँक जोडली जाणे यांमुळे लाइनवर एका सेकंदाच्या लाखाव्या भागापुरता हजारो व्होल्टचा झटका येतो. वळवाच्या पावसात ओव्हरहेड लाइनवर असे झटके नेहमीचेच. मीटरच्या आत त्याने ठिणगी पेटवली, तर मागची लाइन ती ठिणगी पोसत राहते आणि हातातच स्फोट होतो. आंतरराष्ट्रीय मानक ‘आयईसी ६१०१०’ नुसार सॉकेटला जोडलेल्या उपकरणांसाठी कॅट-२, इमारतीच्या पक्क्या वायरिंगसाठी आणि डिस्ट्रिब्यूशन बोर्डासाठी कॅट-३, तर सर्व्हिस वायर, वीजमीटर आणि ओव्हरहेड लाइन यांच्यासाठी कॅट-४ अशी वर्गवारी आहे. इथे एक हिशोब डोळे उघडणारा आहे. ‘कॅट-२, १००० व्होल्ट’ आणि ‘कॅट-३, ६०० व्होल्ट’ या दोन्ही मीटरांची परीक्षा ६००० व्होल्टच्याच झटक्याने होते. पण पहिल्याच्या परीक्षेत स्रोताचा रोध १२ ओहम धरतात, दुसऱ्याच्या परीक्षेत २ ओहम. म्हणजे पहिल्याला ५०० अँपिअरपर्यंतच्या माऱ्याशी तोंड द्यावे लागते, दुसऱ्याला ३०००च्या. दुकानात मोठा आकडा पाहून हजार व्होल्टचे मीटर घेणारा माणूस बोर्डासाठी सहापट दुबळे मीटर घरी नेतो. लीडलाही हाच नियम लागू आहे. कॅट-३च्या मीटरला फुटपाथवरची लीड लावली की मीटरची वर्गवारी त्या लीडइतकीच उरते, आणि बोर्डात वापरायच्या प्रोबचे उघडे टोक चार मिलिमीटरहून जास्त लांब असू नये, हेही त्यातच आले. लांब टोक शेजारच्या दोन बसबारांना एकदम टेकले की शॉर्ट होतो.

यावर एक आक्षेप असा येतो की, ही सगळी काळजी यंत्रानेच घ्यावी, माणसाच्या स्मरणावर ती का सोपवायची? आक्षेप रास्त आहे आणि उत्पादकांनी त्याला काही उत्तरेही दिली आहेत. मल्टिमीटर बनवणाऱ्या भारतातल्या जुन्या-जाणत्या कंपन्यांपैकी मोटवाने आणि ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स नाशिकच्या आहेत, मेको मुंबई परिसरातली. ऋषभच्या काही मीटरांत नॉब ज्या मोजमापावर असेल त्याला न चालणारे जॅक आपोआप झाकले जातात. अँपिअरच्या जॅकमध्ये लीड असेल तर नॉब व्होल्टकडे वळतच नाही. काही कंपन्यांची मीटरे चुकीच्या जोडणीवर मोठ्याने बझर वाजवतात. प्रवाह मोजण्यासाठी तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा टाँग टेस्टर वापरला तर तार तोडून मीटर मध्ये घालण्याची वेळच येत नाही, आणि घरगुती किंवा पंपाच्या कामात तोच मार्ग श्रेयस्कर आहे. एवढे असूनही यंत्राला एक गोष्ट कधीच कळणार नाही: आपण प्रोब कुठे टेकवला आहे आणि त्या आकड्यावरून पुढे काय करणार आहोत. झाकलेला जॅक शॉर्ट टाळतो, पण न्यूट्रलवर बसवलेल्या स्विचचे फसवे शून्य ओळखू शकत नाही. चांगली रचना चुकांची संख्या कमी करते; पुराव्याची गरज ती संपवत नाही.

आता अचूकतेकडे वळू, कारण तिथेही आकडा पुराव्याविना घेतला की हाच घोळ होतो. साध्या पिवळ्या मीटरांच्या पोटात १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटरसिल कंपनीने बाजारात आणलेली ७१०६ ही चिप किंवा तिची भावंडे असतात. ती जास्तीत जास्त १९९९पर्यंत मोजते. अशा मीटरच्या माहितीपत्रकात एसी व्होल्टसाठी ‘१.२ टक्के अधिक १० अंक’ अशा धर्तीची नोंद असते. २३०चे १.२ टक्के म्हणजे २.८ व्होल्ट, मोठ्या पल्ल्यावर शेवटचा अंक एका व्होल्टचा, म्हणून दहा अंकांचे १० व्होल्ट. एकूण संशय सुमारे १३ व्होल्ट. म्हणजे डिस्प्लेवर २३० दिसत असताना खरे व्होल्टेज २१७ ते २४३ यांत कुठेही असू शकते. लघुदाबाच्या ग्राहकाला मिळणारा पुरवठा २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे २१६ ते २४४ या मर्यादेत हवा, असा नियम आहे. दोन्ही पल्ले जवळजवळ एकमेकांवर बसतात. पुरवठा नियमात आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर असे मीटर मुळात देऊच शकत नाही, आणि त्याच्या भरवशावर तक्रार करणारा ग्राहक किंवा ती फेटाळणारा कर्मचारी, दोघेही हवेत बोलत असतात. त्यात बॅटरीची भर. ही चिप समोरच्या व्होल्टेजची तुलना स्वतःच्या संदर्भ-व्होल्टेजशी करून आकडा काढते. नऊ व्होल्टची बॅटरी सातच्या खाली उतरली की तो संदर्भच खचू लागतो, आणि भागाकारातला छेद लहान झाल्याने आकडा फुगतो. बॅटरीचे चिन्ह लुकलुकत असताना आलेला २५० हा पुरवठ्याबद्दल काहीच सांगत नाही. तो मीटरच्या उपासमारीबद्दल सांगतो.

महाग आणि अचूक मीटरही प्रश्न समजून न घेता वापरले तर फसवते. मीटरचा एक कोटी ओहमचा रोध हा त्याचा गुण, पण त्यामुळेच त्याला जवळच्या चालू तारेतून उडून आलेली नगण्य वीजही दिसते. पाइपात इतर तारांबरोबर लांबवर गेलेल्या, दोन्ही टोकांना मोकळ्या तारेवर असे मीटर ८०-१०० व्होल्ट दाखवू शकते. त्या आकड्यामागे कसलाही जोर नसतो, पण तो भास आहे हे गृहीत धरणेही घातक, कारण सैल जोडणीतून खरी वीज आलेली असू शकते. काही मीटरांत यासाठी कमी रोधाचा खास पल्ला असतो; तो काही हजार ओहमचा भार टाकतो आणि भासमान व्होल्टेज तिथेच कोसळते. मोठ्या रोधाचा हाच गुण अर्थिंगच्या बाबतीत उलटा फिरतो. फेज आणि अर्थ यांच्यात २३० व्होल्ट आले म्हणजे अर्थिंग उत्तम, ही समजूत सर्वत्र आहे. समजा, अर्थिंगचा खड्डा सुकून त्याचा रोध ५००० ओहम झाला. एक कोटी ओहमच्या मीटरला त्या ५०००चे ओझे जाणवतच नाही, ते २२९.९ व्होल्ट दाखवील. पण पंपाच्या बॉडीवर फेज आला, तर या अर्थिंगमधून जेमतेम ४६ मिलिअँपिअर प्रवाह जाईल, १६ अँपिअरची एमसीबी ढिम्म राहील आणि ती बॉडी जिवंतच राहील. आरसीसीबी नसलेल्या विहिरीवर याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको. अर्थिंगची परीक्षा अर्थ टेस्टरने आणि मोटरच्या गुंडाळीच्या इन्सुलेशनची ५०० व्होल्टच्या मेगरनेच करायची असते. मल्टिमीटर ओहम मोजताना स्वतःचे दोन-तीन व्होल्टच लावते. तेवढ्यावर ‘ओएल’ (रोध पल्ल्याबाहेर) आले, म्हणजे ४१५ व्होल्टला गुंडाळी गळणार नाही, असा निष्कर्ष निघत नाही.

इन्व्हर्टरचे उदाहरण तर हिशोबानेच बोलते. साधी मीटरे एसीची सरासरी काढून तिला १.११ने गुणतात. हा गुणाकार शुद्ध साइन लहरीपुरताच बरोबर असतो. ३२५ व्होल्टचे शिखर असलेली आणि निम्मा वेळच चालू असणारी पायऱ्यांची लहर घेतली, तर तिचे खरे परिणामी मूल्य (आरएमएस) २३० येते. साधे मीटर मात्र १८० दाखवते. व्होल्टेज कमी आहे असे समजून कोणी इन्व्हर्टरचे आउटपुट वाढवत मीटरवर २३० आणले, तर लहरीचा आकार तोच राहिल्यास फ्रीज आणि टीव्हीला प्रत्यक्षात २९०हून जास्त व्होल्ट सोसावे लागतील. उलट पूर्ण चौकोनी लहरीवर तेच मीटर २३०च्या जागी २५५ दाखवते. ‘ट्रू आरएमएस’ लिहिलेले मीटर हा फरक ओळखते. इथे अचूकतेचा प्रश्न पाहता पाहता सुरक्षिततेचा होतो, आणि दोन्ही एकच आहेत या मुद्द्याला याहून चांगला दाखला शोधायची गरज नाही.

या सगळ्यावर कामावरच्या माणसांचे तीन आक्षेप असतात आणि ते हलके नाहीत. पहिला टेस्टरचा: खिशातला निऑन टेस्टर वर्षानुवर्षे काम भागवतो. पण त्याचा दिवा पेटतो तो धरणाऱ्याच्या शरीरातून जमिनीकडे जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर. लाकडी स्टुलावर, कोरड्या चपलांवर तो मंद होतो, आणि भर उन्हात पेटलेला असूनही दिसत नाही. न पेटलेला टेस्टर म्हणजे पुरावा नसलेले शून्यच. शिवाय भासमान व्होल्टेजवरही तो पेटतो, आणि तुटलेल्या न्यूट्रलवर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटून गोंधळ घालतो. जुन्या वायरमनचा टेस्ट लॅम्प त्याहून प्रामाणिक म्हणावा लागेल, कारण तो खरा भार टाकतो. पण बल्बची तार तुटली की तोही मुकाट शून्य दाखवतो, आणि दोन फेजांत लागला तर फुटतो. दुसरा आक्षेप अनुभवाचा: इतकी वर्षे काही झाले नाही. ज्यांना काही झाले ते हा युक्तिवाद करायला उरलेले नसतात, एवढे लक्षात घेतले तरी त्याचे वजन उतरते. अनुभवाने बिघाड ओळखता येतो, पण लीडच्या आतली तुटलेली तार अनुभवी डोळ्यालाही दिसत नाही. तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत खरा आहे. रोजंदारीवरच्या वायरमनला दोन-तीनशेचे मीटर परवडते, काही हजारांचे नाही. त्याचे उत्तर दोन भागांत आहे. चालू ठिकाणी खात्री, मग मोजणी, मग पुन्हा खात्री ही तीन पायऱ्यांची सवय फुकट आहे आणि ती आजपासून लावता येते. स्वस्त मीटर बॅटरी, रिमोट, ॲडॅप्टर, चार्जर यांच्या कमी व्होल्टेजच्या कामासाठी ठेवावे आणि बोर्डाजवळ नेऊ नये, हेही फुकटच आहे. उरलेला भाग मात्र कामगाराने एकट्याने उचलायचा नाही. ज्या सोसायटीला, कारखान्याला किंवा ग्रामपंचायतीला बोर्ड दुरुस्त करून हवा आहे, तिने सिरॅमिक फ्यूजचे, यूएल किंवा टीयूव्हीसारख्या स्वतंत्र संस्थेने तपासलेले कॅट-३चे मीटर आणि त्याच वर्गाची लीड स्वतःच्या मालकीची ठेवावी.

हे बदल प्रशिक्षणातूनच यायचे आहेत. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री शिकणारी हजारो मुले मल्टिमीटर हातात घेतात, आणि प्रात्यक्षिकाची मोजणी बहुधा आकडा बरोबर आला का यावर संपते. गुण आकड्याला न देता त्यामागच्या पुराव्याला द्यायला हवेत. लीड कोणत्या जॅकमध्ये आहे हे नॉब फिरवण्याआधी पाहिले का, काळा प्रोब आधी लावून लाल आधी काढला का, बोटे प्रोबवरच्या कड्याच्या मागे होती का, दुसरा हात बोर्डापासून दूर होता का, मोजण्याआधी आणि नंतर चालू ठिकाणी खात्री केली का. मुंबईत चुनाभट्टीला ‘आयडीईएमआय’ ही विद्युत मोजमाप उपकरणांची केंद्र सरकारी संस्था आहे, आणि राज्यात अधिस्वीकृत कॅलिब्रेशन प्रयोगशाळा आहेत. कारखान्यांतली मीटरे तिथे पाठवली जातात, तशी आयटीआयची आणि मोठ्या कंत्राटदारांची मीटरेही ठरावीक मुदतीने गेली पाहिजेत. प्रत्येक कामाच्या कागदावर एका शून्याऐवजी तीन आकडे लिहायचा नियम करावा: आधीचा, मधला, नंतरचा. तीन रकान्यांचा हा कागद भरायला अर्धे मिनिटही लागत नाही. तो लागतो एका कारणासाठी: वायरिंगच्या कामात मोजणारा एक असतो आणि आत हात घालणारा बहुतेक वेळा दुसराच, कोणी हेल्पर, कोणी शिकाऊ मुलगा. त्याला आकडा वाचता येत नाही, मीटर तपासता येत नाही. तो मोजणाऱ्याच्या शब्दावर पुढे जातो. त्या मुलासाठी तरी ‘लाइट नाही, हात घाल’ हे वाक्य पुराव्याशिवाय कोणाच्याही तोंडून निघता कामा नये.